मतांचे चालू खाते

आमच्या तालुक्याच्या गावी १९६६-६७ च्या सुमारास रेशनच्या दुकानात लाल रंगाची ज्वारी येत असे. तिला सगळे मिलो म्हणत. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो आणि कार्ड व पिशवी घेऊन रांगेत उभे राहणे हे घरातले माझे काम होते. ज्वारी दळून आणली की आई परात पुढे ओढून बसायची आणि पहिली भाकरी थापतानाच तिची कुरकुर सुरू व्हायची. पिठाला चिकटपणा नाही, भाकरी उलथताना मोडते, रंग पाहूनच भूक जाते. वडील शाळामास्तर. वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची त्यांना सवय. ते शांतपणे सांगायचे, की हे धान्य बोटीने अमेरिकेतून येते आणि ते आले नसते तर मोडकी भाकरीही ताटात पडली नसती. आईला ते पटले असे कधी दिसले नाही. भाकरी मात्र ती वाढायची.

त्याच्या थोडे आधी, जानेवारी १९६६ मध्ये, लालबहादूर शास्त्री ताश्कंदला अचानक गेले. अंत्ययात्रेसाठी देशोदेशीचे मोठे लोक दिल्लीला आले, त्यांत अमेरिकेचे उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री होते. हे नाव मी प्रथम ऐकले ते वडिलांच्या तोंडून. अमेरिकेतले जादा धान्य गोदामात कुजवण्यापेक्षा भुकेल्या देशांना द्यावे, असा धोशा ज्या थोड्या सिनेटरांनी वर्षानुवर्षे लावला त्यांत हा माणूस पुढे होता, असे त्यांनी सांगितले होते. पुढच्याच महिन्यात हम्फ्री पुन्हा दिल्लीला येऊन इंदिरा गांधींना भेटून गेले. माझ्या बालबुद्धीने मात्र हम्फ्री हे मिलो ज्वारीचे मालक आहेत असा समज करून घेतला होता.

पुढे मी बँकेत लागलो, मुंबईला आलो. फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तके घेऊन लोकलमध्ये वाचायची हा त्या काळातला माझा एकमेव षौक. तिथे एकदा थिओडोर व्हाइट यांचे १९६० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीवरचे पुस्तक मिळाले. त्यात बरीच पाने केनेडींवर होती. पण माझे लक्ष खिळले ते हरलेल्या माणसावर. लहानपणीचे नाव पुन्हा समोर आले, एवढेच त्याचे कारण नव्हते. त्या माणसाने माझ्याच धंद्यातली एक गोष्ट केली होती. त्याने एक चेक लिहिला होता. त्या चेककडे मी नंतर येतो.

आधी प्रायमरी म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे तसे काही नाही. आपल्याकडे पक्षाचे तिकीट कोणाला द्यायचे हे वरची मंडळी ठरवतात. इच्छुक दिल्लीला खेटे घालतात आणि एके रात्री यादी फुटते. अमेरिकेत अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवण्यासाठी राज्याराज्यांत पक्षाच्या मतदारांचेच मतदान होते. ही प्रायमरी. ती सगळीकडे एका दिवशी होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकामागून एक राज्य मत देत जाते. या राज्यातला निकाल पाहून पुढच्या राज्यातले लोक आपले मत बदलतात. फेब्रुवारीत पुढे असलेला एप्रिलमध्ये मागे पडतो, मे महिन्यात अंतर मिटत येते. शिवाय दोघेही एकाच पक्षाचे. विरोधकाशी भांडणे सोपे असते. इथे भांडण घरातले, आणि नोव्हेंबरात पुन्हा एकाच व्यासपीठावर हात वर करून उभे राहायचे असते.

ह्यूबर्ट हम्फ्री या खेळात १९५२ पासून १९७२ पर्यंत या ना त्या नात्याने होते. अध्यक्ष ते कधीच झाले नाहीत.

ह्यूबर्टचा जन्म २७ मे १९११ चा, साउथ डाकोटा राज्यातल्या वॉलेस या खेड्यात, वडिलांच्या औषधाच्या दुकानावरच्या खोलीत. पुढे कुटुंब डोलंड नावाच्या गावी गेले. ते वडीलही गमतीचे. गिऱ्हाइकाला औषधाची पुडी बांधून देताना राजकारणावर बोलत. शेतकऱ्यांचे दिवस वाईट आले, गावातल्या बँका बुडाल्या आणि १९२७ साली कर्ज फेडण्यासाठी हम्फ्रींना राहते घर विकावे लागले. घर गेले त्या दिवशी वडिलांना रडताना सोळा वर्षांच्या ह्यूबर्टने पाहिले. हे त्याने आयुष्यभर मनात ठेवले. मी बँकेत असताना थकलेल्या कर्जांच्या किती नोटिसांवर सह्या केल्या असतील. पत्ता बरोबर आहे ना, एवढेच तेव्हा पाहिले जाते. त्या पत्त्यावर एखादा सोळा वर्षांचा मुलगा दारात उभा असेल हे रजिस्टरमध्ये लिहिलेले नसते.

मंदीच्या तडाख्यात ह्यूबर्टचे कॉलेज सुटले. त्याने औषधनिर्मितीचा छोटा अभ्यासक्रम पुरा केला आणि ह्युरॉन या गावी वडिलांच्या नव्या दुकानात तो उभा राहिला. १९३६ साली म्यूरिएल बक हिच्याशी लग्न केले. पुढच्या वर्षी दोघे मिनेसोटाला गेले, त्याने पुन्हा विद्यापीठात नाव घातले आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पदवी घेतली. मिनीआपोलिस शहराच्या महापौरपदाच्या निवडणुकीत १९४३ साली हम्फ्री हरले, १९४५ साली जिंकले. नोकऱ्यांत वंश आणि धर्म पाहून भेदभाव करायला बंदी घालणारा शहराचा नियम त्यांच्याच कारकिर्दीत झाला.

मग आला १४ जुलै १९४८. फिलाडेल्फियात डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले होते. काळ्या नागरिकांना समान हक्क देण्याचे स्पष्ट शब्द जाहीरनाम्यात घालावेत, यासाठी सदतीस वर्षांचे महापौर व्यासपीठावर गेले. पक्षातल्या ज्येष्ठांनी त्यांना आधी सुनावले होते, की याने पक्ष फुटेल आणि तुमचे राजकारण इथेच संपेल. हम्फ्री दहा मिनिटांच्या आतच बोलले. ठराव ६५१॥ विरुद्ध ५८२॥ मतांनी मंजूर झाला. दक्षिणेतले काही प्रतिनिधी सभागृह सोडून गेले, त्यांनी वेगळा पक्ष काढला. पण नोव्हेंबरात अध्यक्ष ट्रुमन निवडून आले आणि हम्फ्री सिनेटर झाले. सोळा वर्षांनी, १९६४ साली, नागरी हक्कांचा मोठा कायदा सिनेटमध्ये अडून बसला, तेव्हा एकेक मत जमवत तो तडीस नेण्याचे काम पक्षाने त्यांच्यावरच टाकले. दीर्घ भाषणांनी विधेयक रोखून धरणाऱ्यांना १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी आवरले गेले. हम्फ्रींनी बाकी काही केले नसते, तरी तेवढ्यावर त्यांचे नाव राहिले असते.

आता चेकची गोष्ट.

१९६० साली हम्फ्री अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरले. समोर जॉन केनेडी. केनेडींकडे घरचे विमान, भाऊ-बहिणींची फौज, वडिलांची अफाट संपत्ती. हम्फ्रींकडे भाड्याची बस. विस्कॉन्सिन राज्य हे त्यांच्या मिनेसोटाचे शेजारी, तिथे आपलेच चालेल असे त्यांना वाटत होते. ५ एप्रिलला तिथे केनेडींना ५६ टक्के मते मिळाली, हम्फ्रींना ४४. मोठ्या साखळी दुकानाशी झुंजणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानदारासारखे आपले झाले आहे, असे तेव्हा तेच म्हणाले होते. औषधाच्या दुकानात वाढलेल्या माणसाला दुसरी कोणती उपमा सुचणार?

तरीही त्यांनी माघार घेतली नाही, कारण पुढचे महत्त्वाचे मैदान होते वेस्ट व्हर्जिनिया. कोळशाच्या खाणींचे, डोंगराळ, गरीब राज्य. यंत्रे आल्यामुळे हजारो खाणकामगार घरी बसले होते आणि अनेक कुटुंबे सरकारने वाटलेल्या जादा धान्यावर दिवस काढत होती. म्हणजे आमच्या गावातल्यासारखीच रांग तिथेही होती. केनेडींच्या माणसांनी डिसेंबर १९५९ मध्ये मतदारांची पाहणी केली होती, तेव्हा केनेडी ७० आणि हम्फ्री ३० असा कौल होता. मतदानाला तीन आठवडे उरले असताना पुन्हा पाहणी झाली, तर हम्फ्री ६० आणि केनेडी ४०. मधल्या काळात केनेडींनी कोणतेही पाप केले नव्हते. ते कॅथलिक आहेत, एवढेच लोकांना कळले होते. राज्य बहुतांशी प्रोटेस्टंट. कॅथलिक अध्यक्ष पोपच्या हुकमाने चालेल, ही भीती त्या काळी खरी होती.

पारडे एवढे फिरलेले पाहून दुसरा एखादा उमेदवार त्या भीतीला फुंकर घालत बसला असता. हम्फ्री धर्मावरून मत मागणाऱ्यांतले नव्हते. केनेडींनी तो प्रश्न अंगावर घेतला. धर्म आणि राज्यकारभार वेगळे ठेवण्याची ग्वाही त्यांनी गावोगाव आणि टेलिव्हिजनवरून दिली. ते महायुद्धात नौदलातून लढलेले होते आणि या राज्यातून खूप मुले सैन्यात गेलेली. कॅथलिक म्हणून मला युद्धावर जाताना कोणी अडवले नाही, मग आताच का, हा त्यांचा प्रश्न लोकांच्या काळजाला भिडला. एवढ्यावर थांबते तर लढत स्वच्छ म्हणता आली असती. पण केनेडींच्या बाजूने माजी अध्यक्ष रूझवेल्ट यांचे चिरंजीव प्रचाराला आले. खाणकामगारांच्या घरात रूझवेल्टांना देवासारखे मानत. या चिरंजीवांनी हम्फ्री युद्धात गेले नाहीत, असे सूचित करायला सुरुवात केली. खरी गोष्ट अशी, की वैद्यकीय तपासणीत हम्फ्रींना सैन्याने नाकारले होते. हा घाव हम्फ्रींच्या फार जिव्हारी लागला. पुढे रूझवेल्टपुत्रांनाही त्या बोलण्याचा पश्चात्ताप झाला, पण तोवर मतपेट्या बंद झाल्या होत्या.

तिथे पैशाचाही कारभार होता. जिल्ह्याजिल्ह्यातले पुढारी आपल्या पसंतीच्या नावांची यादी मतदारांच्या हाती देत आणि त्या यादीत नाव यायला खर्च येई. हम्फ्रींनी त्या राज्यात एकूण २५ हजार डॉलर खर्च केले, आणि केनेडींचा नुसता टेलिव्हिजनचा खर्चच त्याहून अधिक होता. शेवटच्या दिवसांत अर्ध्या तासाच्या प्रक्षेपणासाठी स्टेशनने ७५० डॉलर आगाऊ मागितले. पक्षनिधीच्या नावाने खडखडाट. हम्फ्रींनी स्वतःचे चेकबुक काढले आणि तिथेच चेक फाडून दिला. म्यूरिएल शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती पाहून, हे पैसे किराण्याचे असावेत किंवा आठवड्यावर आलेल्या मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढलेले असावेत, असे पाहणाऱ्याला वाटले. त्या वेळच्या ४ रुपये ७६ पैशांच्या दराने ती रक्कम साडेतीन हजार रुपयांच्या आसपास होते. काउंटरवर इतकी वर्षे बसल्यावर एक कळते. आकडा लहान की मोठा याला अर्थ नसतो, लिहिणाऱ्याच्या खात्यात मागे किती उरले यावर सगळे असते.

याच दिवसांत आपल्याकडे काय चालले होते पाहा. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्माला आले. ४ मे रोजी वॉशिंग्टनमध्ये भारताचे अन्नमंत्री स. का. पाटील आणि अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी धान्याच्या करारावर सह्या केल्या. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, आणि दाम डॉलरमध्ये नव्हे तर रुपयांत. ज्या कल्पनेचा पाठपुरावा हम्फ्रींनी केला तिचा एवढा मोठा सोहळा होत असताना ते स्वतः खाणींच्या राज्यात बसमधून मते मागत फिरत होते. आणि १० मे रोजी निकाल लागला. केनेडी ६१, हम्फ्री ३९. सत्तरावरून चाळीस, चाळिसावरून एकसष्ट, असा केनेडींचा आलेख पाच महिन्यांत गेला. त्या रात्री पाऊस पडत होता. केनेडींचे धाकटे बंधू रॉबर्ट भिजत हम्फ्रींच्या हॉटेलवर गेले आणि त्यांनी म्यूरिएल यांच्या गालाचे चुंबन घेतले. त्या जागच्या जागी ताठरल्या. त्याच रात्री हम्फ्रींनी स्पर्धेतून माघार घेतली.

ज्या स. का. पाटलांना मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणत, त्यांना १९६७ साली दक्षिण मुंबईत तरुण जॉर्ज फर्नांडिस यांनी हरवले. मताचे हे असे असते. मतदाराचा पाठिंबा ही मुदत ठेव आहे असे पुढाऱ्याला वाटत असते. प्रत्यक्षात ते चालू खाते. धनको कधीही येतो, कारण सांगत नाही, आणि काढून नेतो.

१९६४ साली हम्फ्री लिंडन जॉन्सन यांचे उपाध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांनी जॉन्सनना एक लेखी टिपण दिले. व्हिएतनाममध्ये युद्ध वाढवू नका, अमेरिकेच्या जनतेचा त्याला पाठिंबा टिकणार नाही, असा त्याचा आशय होता. जॉन्सनना ते रुचले नाही. महत्त्वाच्या बैठकांतून हम्फ्रींना वगळले जाऊ लागले. वर्षभर असे बाहेर बसल्यावर हम्फ्री बदलले आणि त्याच युद्धाची जाहीर तरफदारी करू लागले. नोकरीत वरिष्ठांच्या मर्जीसाठी आपले टिपण मागे घेणारी माणसे मी पाहिली आहेत, मीही त्यांतला आहे. पण माझ्या टिपणाने फार तर एखादे कर्ज बुडाले असते.

१९६८ चे वर्ष त्याची किंमत वसूल करायला आले. १२ मार्चला न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी ४२ टक्के मते घेतली. सत्तेवरच्या अध्यक्षाच्या विरोधात एवढी मते ही चपराकच होती. चार दिवसांनी रॉबर्ट केनेडी रिंगणात आले. ३१ मार्चला जॉन्सन यांनी आपण उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. मग मॅकार्थी आणि केनेडी यांच्यात चुरस लागली. इंडियाना केनेडींना, ओरेगन मॅकार्थींना, ४ जूनला कॅलिफोर्निया केनेडींना, तेही ४६ विरुद्ध ४२ अशा थोड्या फरकाने. त्याच रात्री विजयाचे भाषण आटोपून निघालेल्या केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ६ जूनला ते गेले.

या सगळ्या धावपळीत हम्फ्रींनी एकही प्रायमरी लढवली नाही. २७ एप्रिलला त्यांनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा नाव दाखल करण्याच्या मुदती बहुतेक संपल्या होत्या, आणि त्यांना गरजही नव्हती. त्या काळी थोड्याच राज्यांत प्रायमरी होत. बाकीच्या प्रतिनिधींची निवड पक्षाचे पुढारी करत, आणि पुढारी हम्फ्रींच्या बाजूचे होते. दोनदा लोकांपुढे जाऊन न मिळालेली गोष्ट लोकांना न विचारता मिळाली. ऑगस्टमध्ये शिकागोला अधिवेशन भरले. आत हम्फ्रींना मते पडत होती आणि बाहेर रस्त्यावर पोलीस युद्धविरोधी तरुणांना बदडून काढत होते. टेलिव्हिजनवर देशाने दोन्ही एकत्र पाहिले. इतकी वर्षे मागितलेली उमेदवारी हातात आली ती अशी, कडू होऊन.

सप्टेंबरअखेर ते निक्सन यांच्या १५ टक्के मागे होते. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीहून त्यांनी टेलिव्हिजनवर भाषण केले आणि शांततेसाठी बॉम्बहल्ले थांबवण्याचा धोका आपण पत्करू, असे सांगितले. साडेतीन वर्षांपूर्वीचे टिपणच जणू त्यांनी पुन्हा उघडले. त्या दिवसापासून अंतर घटू लागले. सभांतला गोंधळ कमी झाला, वर्गणी येऊ लागली. ५ नोव्हेंबरला निक्सनना ४३.४ टक्के मते मिळाली, हम्फ्रींना ४२.७. सात कोटींहून अधिक मतांत फरक सुमारे पाच लाखांचा. आणखी एक आठवडा मिळता तर, असे त्यांचे चाहते हळहळत. मला वाटते, आठवड्याचा प्रश्न नव्हता. ते भाषण एप्रिलमध्ये करण्याचा होता.

शिकागोच्या बदनामीमुळे पक्षाने नियम बदलायचे ठरवले. त्यासाठी नेमलेल्या समितीचे पहिले अध्यक्ष होते सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न. हे गृहस्थही साउथ डाकोटाचे. केनेडींच्या राज्यात धान्यवाटपाच्या योजनेचे पहिले संचालक तेच होते, म्हणजे हम्फ्रींचीच कल्पना त्यांनी चालवली. वॉशिंग्टनजवळच्या चेव्ही चेस या वस्तीत एकेकाळी दोघांची घरे शेजारी शेजारी होती, मुले एकमेकांच्या अंगणात खेळत. या शेजाऱ्याच्या समितीने केलेल्या नियमांमुळे उमेदवार निवडण्याचा अधिकार पुढाऱ्यांकडून मतदारांकडे आला आणि प्रायमरींची संख्या वाढली. १९७२ साली त्या नियमांखाली पहिली निवडणूक झाली आणि आमनेसामने उभे राहिले मॅकगव्हर्न आणि हम्फ्री.

विस्कॉन्सिन मॅकगव्हर्ननी जिंकले. बारा वर्षांनंतरही त्या राज्याने हम्फ्रींना हात दिला नाही. पेनसिल्व्हेनिया हम्फ्रींनी जिंकले. ओहायोत हम्फ्री ४१ आणि मॅकगव्हर्न ४० असा केसभर फरक. नेब्रास्का पुन्हा मॅकगव्हर्नना. मग उरली कॅलिफोर्निया. तिथे जो पहिला येईल त्याला राज्याचे सगळे २७१ प्रतिनिधी मिळणार होते. मतदानाच्या काही दिवस आधीची पाहणी सांगत होती, की मॅकगव्हर्न २० टक्क्यांनी पुढे आहेत.

हम्फ्री तेव्हा एकसष्ट वर्षांचे. ही आपली शेवटची संधी आहे हे त्यांना कळत होते. टेलिव्हिजनवर दोघांचे वाद ठरले आणि पहिल्याच वादात शेजाऱ्याने शेजाऱ्यावर तोफ डागली. प्रत्येक नागरिकाला हजार डॉलर देण्याच्या तुमच्या योजनेचा खर्च किती, हे सांगा. मॅकगव्हर्नना आकडा सांगता आला नाही. संरक्षणाचा खर्च एवढा कापलात तर देश उघडा पडेल. हे प्रश्न खोटे नव्हते. पण सूर मित्राचा नव्हता. वेस्ट व्हर्जिनियात ज्याच्या देशभक्तीवर बोट ठेवले गेले होते, तोच आता दुसऱ्याच्या हाती देश सुरक्षित नाही असे सांगत होता. आणि मॅकगव्हर्न तर महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते.

उपाय लागू पडला. वीस टक्क्यांचे अंतर ६ जूनला पाचवर आले. मॅकगव्हर्न साडेत्रेचाळीस, हम्फ्री साडेअडतीस. तरी पाच टक्के ते पाच टक्के, २७१ प्रतिनिधी मॅकगव्हर्नना गेले. मग हम्फ्रींच्या गोटाने मागणी केली, की प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटून द्यावेत. नियम आधीच माहीत होता. अधिवेशनाने ती मागणी फेटाळली आणि हम्फ्री बाजूला झाले. गमतीची गोष्ट, की त्या वर्षीच्या सगळ्या प्रायमरींतली मते एकत्र केली तर हम्फ्रींना मॅकगव्हर्नपेक्षा किंचित जास्तच मते पडली होती. १९६८ साली मते न मागता उमेदवारी मिळाली, १९७२ साली सर्वांत जास्त मते मिळूनही गेली.

पण खरा हिशेब पुढे झाला. नोव्हेंबरच्या लढतीत निक्सनच्या बाजूने टेलिव्हिजनवर एक जाहिरात आली. टेबलावर खेळण्यातले सैनिक, विमाने, जहाजे मांडलेली आणि एक हात येऊन ती भराभर उचलून नेतो. मॅकगव्हर्न संरक्षणाचे काय करणार हे दाखवायचे, आणि त्यासाठी साक्षीदार म्हणून नाव वापरले होते ह्यूबर्ट हम्फ्री यांचे. मॅकगव्हर्न ५० पैकी ४९ राज्यांत हरले. जाहिरातीमुळेच हरले असे कोणी म्हणणार नाही. परंतु जूनमध्ये अंतर कमी करण्यासाठी फेकलेला दगड नोव्हेंबरात आपल्याच घराची काच फोडून गेला.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. त्याला कारण होते. नव्वदच्या दशकात बँकेतल्या अधिकारी संघटनेच्या विभागीय सचिवपदाची निवडणूक मी लढवली. विरुद्ध उभा होता माझा मित्र. रोज दुपारी एकत्र डबा खाणारे आम्ही दोघे. सुरुवातीला माझे पारडे जड होते, शेवटच्या आठवड्यात दोन मोठ्या शाखा त्याच्याकडे सरकल्या. मित्राने आईच्या आजारपणासाठी गावाकडे बदली मागितली होती आणि ते त्याने फक्त मला सांगितले होते. मी ते चहाच्या टपरीवर चार जणांना सांगितले. माणूस चांगला आहे, पण सहा महिन्यांत इथून जाणार, मग तुमची कामे कोण करणार? गोष्ट खरी होती. मी अकरा मतांनी निवडून आलो. त्याने तिथल्या तिथे हात मिळवला आणि दुसऱ्या दिवसापासून डबा स्वतःच्या टेबलावर खाऊ लागला. सचिव म्हणून मी काय कामे केली ती आज मला आठवत नाहीत. ते अकरा मात्र आठवतात.

हम्फ्री १९७१ पासून पुन्हा सिनेटर होते. एप्रिल १९७६ मध्ये जिमी कार्टर जोरात असताना अनेकांनी त्यांना गळ घातली, की शेवटचे एकदा उतरा. त्यांनी पत्रकारांना बोलावून, भरल्या डोळ्यांनी, नाही म्हणून सांगितले. तोवर त्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाने गाठले होते आणि १९७७ साली डॉक्टरांनी आशा सोडली. शेवटच्या महिन्यांत ते अंथरुणावरून जुन्या मित्रांना आणि जुन्या प्रतिस्पर्ध्यांना फोन करत असत. मॅकगव्हर्न यांच्याशी त्यांची मैत्री टिकली होती. त्यांनी निक्सन यांनाही फोन केला. वॉटरगेटच्या बदनामीनंतर १९७४ साली राजीनामा देऊन गेलेल्या निक्सन यांनी पुन्हा राजधानीत पाऊल टाकले नव्हते. आपल्या अंत्यविधीला त्यांनी यावे, असे हम्फ्रींनी कळवले.

१३ जानेवारी १९७८ रोजी मिनेसोटात वेव्हर्ली येथील राहत्या घरी हम्फ्री गेले. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये श्रद्धांजलीसाठी सगळे जमले, त्यांत निक्सन उभे होते. ज्याने पाच लाख मतांनी हरवले त्याला हरलेल्याने शेवटचे बोलावणे धाडले होते. सिनेटमधली रिकामी जागा म्यूरिएल यांना मिळाली. वेस्ट व्हर्जिनियातला तो चेक लिहिला जाताना शेजारी उभ्या असलेल्या बाई काही महिने स्वतः सिनेटर म्हणून बसल्या.

अमेरिकेत दर चार वर्षांनी हा हंगाम येतो. टक्के वर जातात, खाली येतात, आणि आपण इथे बसून ते आकडे क्रिकेटच्या धावफलकासारखे वाचतो. मी आता ते वेगळ्या नजरेने वाचतो. कोण किती पुढे, यापेक्षा अंतर कमी झाल्यावर कोण काय बोलू लागला, इकडे माझे लक्ष असते. मते मतदाराची असतात, ती तो नेणारच. बोललेला शब्द मात्र आपल्या खात्यावर राहतो आणि त्याचे व्याज चढत जाते. हम्फ्रींचे जमाखर्चाचे पान मी पुष्कळदा तपासले. १९४८ ची दहा मिनिटे आणि १९६४ चा कायदा एका बाजूला, व्हिएतनाम आणि कॅलिफोर्निया दुसऱ्या बाजूला. बाकी जमेचीच निघते. कारण भुकेल्याच्या ताटात पडलेली भाकरीही, मोडकी का होईना, त्या पानावर लिहिलेली आहे.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी मी त्या मित्राचा नंबर शोधून फोन लावला. काय बोलायचे ते कागदावर लिहून ठेवले होते. त्याने आवाज ओळखला. वीस मिनिटे तो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आणि अमेरिकेतल्या नातवाबद्दल बोलत होता. निवडणुकीचा विषय त्याने काढला नाही, मलाही काढू दिला नाही. कागद माझ्या हातातच राहिला. फोन ठेवताना तो म्हणाला, की पुढच्या वेळी फोन नको, जेवायलाच ये. मी गेलो. त्याच्या बायकोने ज्वारीची भाकरी केली होती, पांढरीशुभ्र, एक नंबर फुगलेली.